व्हिटॅमिन डी ९.८ होतं, साठ हजारच्या आठ पुड्या संपल्या. पुढची तपासणी कधी आणि डोस कसा?

सिडकोकर_५८

नमस्कार मंडळी. आईच्या रिपोर्टबद्दल विचारायचं आहे. डॉक्टरांकडे पुन्हा जाणारच आहोत, पण तिथे पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय विचारायचं आणि कोणते रिपोर्ट आधीच काढून न्यायचे, हे माहीत असलं तर काही राहून जाणार नाही.

वय ५८, वजन ७८ किलो, उंची १५२ सेंमी, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. तक्रार अशी: मांड्या आणि कंबर दुखते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना पाय भरून येतात. १२ ऑगस्टचा रिपोर्ट: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ९.८ नॅनोग्रॅम, कॅल्शियम ८.६, अल्ब्युमिन ३.६, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृताशी संबंधित एन्झाइम) १४८, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ०.८. पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) केलेलं नाही.

चालू औषधं: सकाळी साडेसहाला थायरॉइडची ७५ची गोळी. आठला नाश्ता झाला की बीपीची टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन आणि तिच्याबरोबरच कॅल्शियमची गोळी. केस गळतात म्हणून १० मिलिग्रॅम बायोटिन, हे तिने स्वतःच सुरू केलंय. डीची ६०,००० युनिटची पुडी दर रविवारी, १७ ऑगस्टपासून. ५ ऑक्टोबरला आठवी झाली. विसरायला नको म्हणून पुडी थायरॉइडच्या गोळीबरोबरच पाण्यात घालून घेते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "तीन महिन्यांनी दाखवा" एवढंच लिहिलंय.

आता तपासणी लगेच करायची की थांबायचं? मधल्या काळात पुडी बंद ठेवायची का? शेजारच्या काकू म्हणतात सहा लाखांचं एक इंजेक्शन घेऊन टाका, कटकट मिटेल. आणि गोदापार्कला सकाळी साडेसहा ते साडेसात चालणं होतं, त्या उन्हाचा काही उपयोग?

लॅब_द्वारका

तपासणीपुरतं मी सांगतो, औषधाचं बाकीचे सांगतीलच.

आत्ता लगेच करू नका. रक्तातल्या २५-हायड्रॉक्सी डीचं अर्धायुष्य दोन-तीन आठवड्यांचं असतं, त्यामुळे पातळी स्थिरावायला उपचार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिने लागतात. शेवटच्या पुडीनंतर आठ-दहा दिवसांत रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो, आपण खूश होतो आणि पुढचा डोस बंद करतो. तुमचे तीन महिने १७ नोव्हेंबरला भरतात. दरम्यान डॉक्टरांनी महिन्याला एक पुडी चालू ठेवायला सांगितली, तर ती घेतल्यावर नव्हे, पुढची घ्यायच्या एक-दोन दिवस आधी रक्त द्या. म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरा.

फॉर्मवर "२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी" असंच लिहून घ्या. "१,२५-डायहायड्रॉक्सी" ही वेगळी आणि महाग तपासणी आहे. साध्या कमतरतेत ती कधी नॉर्मल, कधी वाढलेलीसुद्धा येते आणि नुसता गोंधळ होतो. नावं सारखी असल्यामुळे काउंटरवर चुकीचा कोड पडतो, तेव्हा पावतीवर नाव वाचून मगच पैसे भरा.

बायोटिन हा तुमच्या यादीतला सगळ्यात घातक पदार्थ आहे, निदान रिपोर्टच्या दृष्टीने. बऱ्याच लॅबमधल्या मशिनची पद्धत बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवर चालते. १० मिलिग्रॅमची गोळी पोटात असेल तर अशा मशिनवर व्हिटॅमिन डी खोटं जास्त येऊ शकतं आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पीटीएच खोटं कमी. टीएसएच कमी दिसलं की थायरॉइडची गोळी उगाच कमी केली जाते. रक्त द्यायच्या आधी तीन दिवस बायोटिन पूर्ण बंद ठेवा आणि तरीही फॉर्मवर लिहा. ऑगस्टच्या तपासणीआधी ती बायोटिन घेत होती का, हेही आठवून डॉक्टरांना सांगा. असेल तर खरा आकडा ९.८ पेक्षाही खाली असू शकतो.

बाकी: उपाशीपोटी जायची गरज डीसाठी नाही, पण फॉस्फरस आणि पीटीएच बरोबर करणार असाल तर सकाळी रिकाम्या पोटी गेलेलं बरं. कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळच्या रक्तातून हवं, वेगवेगळ्या दिवसांचं जुळवता येत नाही. दंडाला पट्टा बांधून फार वेळ मूठ उघड-मीट करायला लावली तर कॅल्शियम थोडं वाढलेलं दिसतं, म्हणून शीर पटकन सापडत नसेल तर पट्टा सोडून परत बांधायला सांगा. आणि लॅब तीच ठेवा. पद्धत बदलली की त्याच माणसाचा आकडा दोन-चार नॅनोग्रॅमने सहज हलतो. काही रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असतात. त्याला अडीचने भागलं की नॅनोग्रॅम मिळतात.

फार्मसी_पंचवटी

पुडी सकाळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्यातून, हे आधी बदला. डी चरबीत विरघळतं. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणानंतर घ्या, जेवणात तूप-तेल-दूध काहीतरी हवं. पुडीतले दाणे अर्धा कप कोमट दुधात घालून ढवळा, पिऊन झाल्यावर कपात पुन्हा दोन घोट दूध घालून कडेला चिकटलेलं धुऊन प्या. रविवारी दुपारचं जेवण ही सोयीची वेळ, आणि कॅलेंडरवर खूण. कॅप्सूल मिळाली तर हे सगळं टळतं.

थायरॉइडच्या गोळीनंतर दीड तासात कॅल्शियम हेही चूक. दोघांत किमान चार तास हवेत, नाहीतर कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते जेवणासोबतच नीट शोषलं जातं. सायट्रेट असेल तर केव्हाही चालतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेऊन उपयोग नाही. पाकिटावर "कॅल्शियम कार्बोनेट १२५०" लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं.

आता महत्त्वाचं. कॅल्शियमच्या पाकिटाची मागची बाजू वाचा आणि इथे लिहा. त्यात "व्हिटॅमिन डी३ ५०० युनिट" आहे की "कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम"? दिसायला सारखी पाकिटं, भाव जवळपास सारखे, आणि एक संपलं की दुसरं "तेच आहे" म्हणून दिलं जातं. ते तेच नसतं. कॅल्सिट्रिऑल हे डीचं शेवटचं, कामाला लागलेलं रूप. ते किडनी निकामी होत असलेल्यांना, पॅराथायरॉइड ग्रंथी काढलेल्यांना वगैरे देतात. त्याने २५-हायड्रॉक्सीचा आकडा वाढत नाही, पण रक्तातलं कॅल्शियम मात्र वाढू शकतं.

सहा लाखांचं इंजेक्शन काकूंना सोपं वाटतं, मी सुचवणार नाही. स्नायूतून ते हळूहळू आणि अनिश्चित उतरतं, आणि एकदा टोचल्यावर जास्त झालं तर काढून घेता येत नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: सत्तरी गाठलेल्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडाने दिले, तर त्यांच्यात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. ज्यांच्या आतड्यातून औषध शोषलंच जात नाही त्यांना डॉक्टर इंजेक्शन देतात, ते वेगळं.

काउंटरवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज घेणं. "दिवसातून एकदा" ही नेहमीची सवय असते, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, आणि महिनाभरात अठरा लाख युनिट पोटात जातात. म्हणून पुड्या एकदम आठ न घेता चार-चार घ्या आणि प्रत्येकीवर पेनाने तारीख घाला. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचे डीचे थेंब वेगळ्या कपाटात ठेवा. एका मिलिलिटरला ४०० युनिट आणि ८०० युनिट अशा दोन्ही ताकदीचे मिळतात, बाटली बदलली की ड्रॉपरवरची खूण परत बघायची.

डॉ_मेडिसिन_गंगापूररोड

वरच्या दोघांनी बरंच काम हलकं केलंय. रुग्ण समोर नसताना डोस सांगणार नाही, पण तुमचे डॉक्टर कोणत्या दिशेने विचार करतील ते सांगतो.

आधी ऑगस्टचा रिपोर्ट नीट वाचू. कॅल्शियम ८.६ कमी वाटतं, पण त्याला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, ४ पेक्षा कमी म्हणजे ३.६ आहे, त्याचा हिशेब करावा लागतो. ४ मधून ३.६ वजा केले, ०.८ ने गुणलं, ०.३२ मिळाले, ते ८.६ मध्ये मिळवले की सुमारे ८.९. म्हणजे कॅल्शियम ठीक आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज १४८ किंचित वर, डी दहाच्या खाली, आणि जमिनीवरून उठायला त्रास, जिना चढताना मांड्यांत ताकद नाही. हे सगळं एकत्र आलं की हाडं मऊ होण्याच्या आजाराची, ऑस्टिओमलेशियाची, शंका घ्यावी लागते. नुसता आकडा कमी असलेल्या धडधाकट माणसापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. २०११ साली अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने ३०च्या वरची पातळी पुरेशी मानली होती. २०२४च्या मार्गदर्शिकेत तो आकडा मागे घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको असंही म्हटलं. त्यामुळे "डी तपासायची गरजच नाही" असं कोणी सांगितलं तर ते निरोगी माणसांबद्दल आहे, आईंना लागू नाही.

पीटीएच म्हणूनच हवं. डी कमी असताना ते बऱ्याचदा वाढतं, आणि डी भरून निघाल्यावर खाली यायला हवं. डी तीसच्या वर गेलं, तरी पीटीएच वर आणि कॅल्शियमही साडेदहाच्या वर, असं दिसलं तर पॅराथायरॉइड ग्रंथीतच दोष आहे का ते बघावं लागतं. कधीकधी डीची कमतरता हा दोष झाकून ठेवते आणि पुड्या सुरू झाल्यावर तो उघडा पडतो.

क्लोरथॅलिडोनकडे लक्ष द्या. ते लघवीतून कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाही. ते, कॅल्शियमची गोळी आणि डीचा मोठा डोस तिन्ही एकत्र आले की रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं. म्हणून कॅल्शियम आणि क्रिएटिनिन नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत न थांबता आत्ताच एकदा करून घ्या, दोन्ही स्वस्त तपासण्या आहेत. मळमळ, उलटी, अचानक वाढलेली बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, सुस्ती किंवा बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर पुडी आणि कॅल्शियम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मधल्या काळात पुडी पूर्ण बंद ठेवणं ही नेहमीची गफलत. आठ आठवडे म्हणजे साठा भरणं. त्यानंतर काहीच घेतलं नाही तर काही महिन्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी येतो, कारण ज्या राहणीमुळे तो कमी झाला ती तशीच असते. सहसा पुढे महिन्याला ६०,०००ची एक पुडी, म्हणजे दिवसाला २,००० युनिटच्या हिशेबाने, किंवा रोज १,००० ते २,०००ची गोळी देतात. तीन महिन्यांची तारीख तपासणीसाठी असते. मधल्या डोसबद्दल त्यांना फोन करून विचारा. ८ पुड्या संपल्या, पुढे महिन्याला एक चालू ठेवू का, एवढाच प्रश्न.

नोव्हेंबरमध्ये डी ३० ते ५० आलं तर उत्तम, तोच मासिक डोस आणि मग सहा महिन्यांनी एकदा. २० ते ३० आलं तर मी वजन बघेन. १५२ सेंमीला ७८ किलो म्हणजे बीएमआय ३४च्या जवळ; चरबीत डी अडकून राहतं आणि अशा माणसांना दुप्पट-तिप्पट डोस लागतो, यात रुग्णाची चूक काही नाही. २०च्या खालीच राहिलं तर आधी पुडी कशी घेतली ते विचारतात (उपाशीपोटी पाण्यातून घेतल्याचं जरूर सांगा, नाहीतर डॉक्टर उगाच पुढच्या तपासण्या लिहितील), मग औषध तेच होतं का ते, आणि मग आतड्याचा विचार: सीलिॲक आजारासाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो) टीटीजी ही रक्ताची तपासणी, जुनाट जुलाब, पोटाची शस्त्रक्रिया. फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत डी लवकर मोडून टाकतं. १०० ओलांडलं तर सगळं थांबवून कॅल्शियम बघायचं. मूतखडा, टीबी, सारकॉइडोसिस किंवा किडनीचा आजार पूर्वी झाला असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, त्यांच्यात हा सगळा हिशेब बदलतो.

दुखणं किती दिवसांत थांबेल? मांड्यांची ताकद काही आठवड्यांत सुधारायला लागते, हाडांचं दुखणं काही महिने घेतं, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज उतरायला त्याहून जास्त. सुरुवातीला ते थोडं वाढूही शकतं, हाड भरतंय म्हणून. पण सगळं दुखणं डीवर ढकलू नका. बी१२, हिमोग्लोबिन आणि टीएसएच याच रक्तात करून घ्या.

कोणी लगेच हाडांची घनता मोजायचा डेक्सा स्कॅन किंवा हाडं मजबूत करायचं इंजेक्शन सुचवलं, तर डी भरेपर्यंत थांबायचं का हे जरूर विचारा. मऊ हाड डेक्सावर ठिसूळ हाडासारखंच दिसतं. आणि डी कमी असताना झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शनं दिली तर कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं.

आहार_नाशिकरोड

उन्हाचं थोडक्यात. डी तयार करणारी अतिनील-बी किरणं सूर्य वर असतानाच जमिनीपर्यंत पुरेशी पोचतात. खूण सोपी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असायला हवी. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे आणि देशाचं घड्याळ प्रयागराजच्या बाजूच्या रेखांशाचं, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायची वेळ साडेबाराच्या आसपासची. डिसेंबरात सावली उंचीपेक्षा आखूड असते ती जेमतेम पावणेबारा ते सव्वा या वेळात. मे महिन्यात साडेनऊलाच ती तेवढी होते, मग भर दुपारी तापायची गरज नाही. साडेसहा ते साडेसातचं चालणं बीपी, साखर, मन या सगळ्याला चांगलं, ते सोडू नका. डी मात्र त्यातून जवळजवळ शून्य. चालण्याची वेळ न बदलता हिवाळ्यात गच्चीवर दुपारी पंधरा-वीस मिनिटं, हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे. गॅलरीच्या बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने डी होत नाही, काच ती किरणं अडवते. गाडीवर स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे घालून कॉलेज रोड ते सातपूर रोज फिरलं तरी तेच. आणि ९.८ वरून नुसत्या उन्हाने वर यायची वाट बघू नका. ऊन हे नंतर टिकवण्यासाठी.

खाण्यातून डी फारच थोडं मिळतं. निळं प्लस एफ (व्हिटॅमिन वरून घातल्याचं) चिन्ह असलेल्या पिशवीच्या दुधाच्या पेल्यातून ४० ते ६० युनिट, अंड्याच्या बलकात साधारण तेवढंच. खाणं कॅल्शियमसाठी मोजायचं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं. मोठा पेलाभर दूध ३००, ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी पावणेदोनशेच्या आसपास, वाटीभर दही दीड-दोनशे. तीन दिवस खाल्लेलं लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. खाण्यातून ७०० मिळत असेल तर ५००ची एकच गोळी पुरते, दोन नकोत.

सिडकोकर_५८

सगळ्यांचे मनापासून आभार. पाकीट बघितलं: कॅल्शियम कार्बोनेट १२५०, कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम, झिंक. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं नाव वेगळं आहे, त्यात डी३ आहे. सप्टेंबरात मेडिकलमध्ये ते संपलं होतं, तेव्हा हे दिलं, तेव्हापासून हेच चालू आहे. बायोटिन ऑगस्टच्या आधीपासून चालू होती.

डॉ_मेडिसिन_गंगापूररोड

मग कॅल्शियम आणि क्रिएटिनिन उद्याच करा, आठवडा घालवू नका. क्लोरथॅलिडोनवर असलेल्या बाईला कॅल्सिट्रिऑल आणि साठ हजारच्या पुड्या एकाच वेळी चालू राहिल्या आहेत. त्रास काही नसेल तर घाबरायचं कारण नाही, पण रिपोर्ट हातात येईपर्यंत ती कॅल्शियमची गोळी थांबवू का, हे आजच फोनवर विचारा. फोन करताना पाकीट समोर धरा आणि मागचं वाचून दाखवा, ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही. अल्ब्युमिनही बरोबर करा, नाहीतर कॅल्शियमचा आकडा अर्धवट राहतो. रक्त देताना बायोटिनमुळे अडचण नाही, या तीन तपासण्यांत ती पद्धत सहसा नसते. नोव्हेंबरसाठी मात्र आधी तीन दिवस बंद.

फार्मसी_पंचवटी

उरलेली पट्टी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला फाइलमध्ये ठेवा. कॅल्सिट्रिऑलचा परिणाम थांबवल्यावर काही दिवसांतच ओसरतो, साठवलेल्या डीसारखा महिनोन्महिने राहत नाही. पुढच्या वेळी चिठ्ठीवर ब्रँडच्या खाली घटक लिहून मागा: "कॅल्शियम ५०० + डी३, कॅल्सिट्रिऑल नको". मासिक पुडी सुरू झाली आणि एखादा महिना चुकला, तर आठवेल त्या दिवशी जेवणानंतर एकच घ्यायची आणि पुढची तारीख तिथून मोजायची. एका दिवशी दोन नाहीत.